१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : 'अबब' म्हणून झालं, पुढे काय?

गच्चीवरचा_गणू
बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट इथल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असणार. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्टाव्या घरापर्यंत. राजा 'एवढंच?' म्हणून हसतो, मग कोठाराचा कारभारी हिशेब घेऊन येतो आणि राजाचं तोंड उतरतं. एकूण दाणे १८४४६७४४०७३७०९५५१६१५. म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १.

माझी तक्रार अशी की गोष्ट तिथेच संपते. संख्या मोठी आहे, मान्य. पण वीस अंकी संख्या काय, कीबोर्डवर बोटं आपटली की कुणालाही तयार करता येते. हिच्यात मोठेपणाखेरीज काही आहे का? मूळ संख्या आहे का? नसेल तर अवयव कोणते? आणि मुख्य म्हणजे ते कागद-पेन घेऊन, संगणकाला हात न लावता काढता येतील का? 'गूगल कर' असं सांगणाऱ्यांनी कृपया शेजारच्या धाग्यावर जावं.

टवाळखोर
रुमाल टाकून ठेवतोय. गणिताचा धागा आहे, दुसऱ्या पानावर भांडण नक्की.

खवट_खोबरं
शेवटी ५ आहे. म्हणजे ५ ने भाग जातो. मूळ नाही. चला, धागा बंद करा.

सुमेधा_के
खवट 😀
अंकांची बेरीज ८७ येते, म्हणजे ३ नेही भाग जातो, ९ ने जात नाही. १५ ने भागून टाकलं तर १२२९७८२९३८२४७३०३४४१ उरतात. ७, ११, १३ ने जात नाही, १७ ने जातो. पण असं कुठवर भागत बसायचं? गणूंचा प्रश्न मला वाटतं इथून पुढचा आहे.

निफाडचा_बाळू
गणितवाल्यांचं चालू द्या, मी गव्हाचं बोलतो. कृषी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात वाणापुढे 'हजार दाण्यांचे वजन' लिहिलेलं असतं. चांगल्या भरलेल्या गव्हाचं ४० ग्रॅमच्या आसपास धरायला हरकत नाही. त्या हिशेबाने सगळा पट भरायला साधारण ७३ हजार ८०० कोटी टन गहू लागेल. आख्ख्या जगात वर्षाला ८० कोटी टनांच्या आतबाहेर पिकतो. म्हणजे सव्वानऊशे वर्षांचं पीक, तेही कुणी पोळी न खाता.

गंमत पुढे आहे. अर्ध्या पटाचं, म्हणजे ३२ घरांचं, गणित केलं तर जेमतेम १७२ टन होतात. दहा टनी ट्रक धरले तर सतरा-अठरा. एवढा गहू राजाच काय, आमच्याकडचा एखादा मोठा व्यापारीही हसत देईल. घात होतो तो उरलेल्या अर्ध्यात.

खवट_खोबरं
'घात होतो' हे मुद्दाम की आपोआप?

निफाडचा_बाळू
आपोआप. पण श्रेय घेतो.

मी_मृण्मयी
बाळूदादा, ३३ व्या घरात एकट्यात ४२९४९६७२९६ दाणे येतात आणि त्याआधीच्या बत्तीस घरांत मिळून ४२९४९६७२९५. म्हणजे नवं घर आधीच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा बरोब्बर एकाने मोठं. प्रत्येक घराचं हेच. कर्जाच्या हप्त्यांचं पण असंच काहीतरी असतं असा मला दाट संशय आहे.

प्रोफेसर_शंख
मालक, ही मर्सेन संख्या आहे. २ चा कुठलातरी घात वजा १ अशा संख्या बऱ्याचदा मूळ असतात. जगातली सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळ संख्या त्याच जातीची आहे.

सुमेधा_के
शंखसर, शेवटी ५ आहे हो! वर खवटनी लिहिलंय.
घातांक स्वतः मूळ असेल तरच अशी संख्या मूळ असण्याची शक्यता असते. ६४ मूळ नाही, तेव्हा प्रश्नच मिटला. आणि घातांक मूळ असला तरी खात्री नाहीच. ६१ ला जमतं, ६७ ला जमत नाही. २^६१ − १ मूळ आहे हे पेर्वुशिन नावाच्या रशियन धर्मगुरूने १८८३ मध्ये हाताने सिद्ध केलं होतं.

प्रोफेसर_शंख
'बऱ्याचदा' असं म्हटलंय मी. 'नेहमी' नाही.

टवाळखोर
दुसरं पान तरी येऊ द्या हो. 🍿

काका_कोथरूड
मूळ प्रश्नाला हात घालण्याआधी एक विचारतो. ही संख्या काढली कशी, ते कोणी पाहिलं का? चौसष्ट वेळा दुप्पट करत बसलात तर संध्याकाळ होईल आणि एखादा हातचा हमखास चुकेल.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत गुणोत्तर श्रेढीसाठी रीत दिली आहे. पदांची संख्या, तिला ते गच्छ म्हणतात, विषम असेल तर एक वजा करा आणि बाजूला 'गुणक' लिहा. सम असेल तर निम्मी करा आणि 'वर्ग' लिहा. शून्य येईपर्यंत हेच. मग खालून वर उलट जात गुणाकार आणि वर्ग करायचे. छंदांचे प्रकार मोजण्यासाठी पिंगलाने याच वळणाची रीत कितीतरी आधी दिलेली आहे. ६४ ला ही रीत लावली तर निम्मं, निम्मं, निम्मं, असं सहा वेळा वर्गच वर्ग येतात आणि शेवटी एक गुणक. म्हणजे २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि शेवटच्याचा वर्ग केला की २^६४ हजर. सहा गुणाकार, त्यातला एकच काय तो जड. एक वजा करा, झालं.

पटाची हीच बेरीज अल-बिरूनीनेही इ.स. १००० च्या सुमारास वर्ग करत करतच काढून दाखवली होती.

ज्यांना वाचायची हौस आहे त्यांच्यासाठी, लीलावतीतल्या स्थानांप्रमाणे: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, शून्य निखर्व, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लक्ष, ५१ हजार ६१५.

खवट_खोबरं
काका, चेकवर लिहायला जागा पुरणार नाही.

मी_मृण्मयी
शेवटचं स्थानच परार्ध, आणि आपण त्याच्याही १८४ पट पुढे. म्हणजे भास्कराचार्यांची यादी संपली तरी गहू संपेना.

बिट्स_आणि_वडे
काका, सहा वर्गांची रीत आम्ही आजही रोज वापरतो, फक्त नाव वेगळं. कूटलेखनात प्रचंड मोठे घात याच पद्धतीने काढतात.

ही संख्या आमच्या धंद्यात अगदी ओळखीची. चौसष्ट बिटांत मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्या हीच, सगळे चौसष्ट बिट १. ऋण संख्या मांडायची सोय नसलेल्या खान्यात शून्यातून एक वजा केला की उत्तर −१ येत नाही, ही येते. एका दुकानाच्या स्टॉकच्या प्रणालीत हे मी स्वतः पाहिलंय. शेवटचा प्रेशर कुकर दोन काउंटरवर एकाच वेळी विकला गेला आणि पडद्यावर 'शिल्लक नग: १८४४६७४४०७३७०९५५१६१५'. मालक आधी घाबरला, मग म्हणाला, एवढे ठेवू कुठे?

टवाळखोर
हसून हसून पुरेवाट. 'सेल' लावायचा ना!

काका_कोथरूड
बिट्स, तुमच्यासाठीच एक आठवलं. लीलावतीत याच रीतीचं उदाहरण आहे. कोणी दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत महिनाभर देतो, तर एकूण किती निष्क दिले? उत्तर २१४७४८३६४६ कवड्या. त्याचे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या.

बिट्स_आणि_वडे
थांबा थांबा. २१४७४८३६४६?? काका, बत्तीस बिटांत चिन्हासकट मावणारी कमाल संख्या २१४७४८३६४७ आहे. २०१४ मध्ये यूट्यूबवर एका कोरियन गाण्याची दर्शकसंख्या याच आकड्याला भिडली म्हणून मोजणी चौसष्ट बिटांवर नेल्याची बातमी झाली होती. भास्कराचार्यांनी मर्यादेच्या बरोब्बर एक कवडी अलीकडे गाडी थांबवली!

प्रोफेसर_शंख
म्हणजे आपल्याकडे बाराव्या शतकातच संगणकाची मर्यादा माहीत होती तर.

काका_कोथरूड
नाही हो. महिना तीस दिवसांचा आणि सुरुवात दोनपासून, म्हणून बेरीज २^३१ − २ येते. एवढंच कारण आहे. त्यांची रीत उत्तम आहे हे म्हणायला त्यांच्या हातात कीबोर्ड द्यायची गरज नाही.

सुमेधा_के
काकांना टाळ्या.

भटकी_वाटसरू
अवांतर: पाटणादेवीला गेला आहात का कोणी? चाळीसगावजवळ. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद असलेला शिलालेख तिथे आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. पावसाळ्यात जा, धबधबाही आहे.

खवट_खोबरं
आता कोणीतरी तिथल्या भरीत-पुरीच्या हॉटेलचा पत्ता विचारणार.

निफाडचा_बाळू
विचारणारच होतो.

गच्चीवरचा_गणू
मंडळी, गहू झाला, कुकर झाला, धबधबा झाला. अवयव?

सुमेधा_के
गणू, काकांच्या प्रतिसादातच तुमचं उत्तर आहे, आणि काकांनी बहुतेक मुद्दाम अर्धं ठेवलंय. आठवीतलं सूत्र आठवा: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी.

२^६४ − १ = (२^३२ + १)(२^३२ − १). उजवा कंस पुन्हा त्याच सूत्राने फुटतो: (२^१६ + १)(२^१६ − १). पुन्हा फोडा, पुन्हा फोडा. शेवटी उरतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

आता काकांची यादी बघा: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. प्रत्येकात एक मिळवा. संख्या काढताना वाटेत जे टप्पे लागतात, त्यांच्या शेजारीच तिचे अवयव उभे आहेत. मला तरी हे सव्वानऊशे वर्षांच्या गव्हापेक्षा जास्त भारी वाटतं.

काका_कोथरूड
मुद्दाम नव्हतं ठेवलं, पण तसं म्हणालीस तर मी नाही म्हणणार नाही.

मी_मृण्मयी
आई गं, किती सुंदर! वाचनखूण साठवली.

प्रोफेसर_शंख
या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या संख्या आहेत. फर्माने १६४० मध्येच म्हटलं होतं की या साखळीतल्या सगळ्या संख्या मूळ आहेत. तेव्हा सहाही मूळ, विषय संपला.

सुमेधा_के
फर्माचा अंदाज होता तो, सिद्धता नव्हती. पहिल्या पाच मूळ आहेत. सहावी, ४२९४९६७२९७, ऑयलरने १७३२ मध्ये फोडली: ६४१ × ६७००४१७. म्हणजे पटाच्या संख्येचे एकूण सात मूळ अवयव: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७. प्रत्येक एकदाच येतो. म्हणून विभाजक २ × २ × … सात वेळा = १२८. पटावरच्या घरांच्या दुप्पट. यात गूढ काही नाही, योगायोग आहे, पण गोड आहे.

गच्चीवरचा_गणू
६४१ कागद-पेनने कसा सापडला? माझा मूळ प्रश्न हाच. दहा अंकी संख्येला सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसले का ऑयलर?

सुमेधा_के
नाही. त्यांनी हे दाखवलं की २^३२ + १ चा कुठलाही मूळ अवयव '६४ ची पट अधिक १' याच साच्यातला असतो. आता यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला बाकी शून्य! रविवारी दुपारच्या चहाआधी होईल.

भागाकारही नको असेल तर हे बघा. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ला ६४१ ने भागलं तर बाकी −१. दोन्हींचा चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. पण दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ लिहिता येतं. म्हणजे −२^३२ ची बाकी १. म्हणजेच २^३२ + १ ची बाकी शून्य. चार ओळी, कुठेही दहा अंकी संख्या लिहायला लागली नाही.

गच्चीवरचा_गणू
हे लिहून काढलं. दोनदा. मान गये.

टवाळखोर
मला 'चौथा घात' पर्यंत कळलं. पुढे बाळूदादांच्या गव्हाकडे बघत बसलो.

मीनल_जर्मनी
उशिरा आले धाग्यावर. ६४१ आणि ६७००४१७ सोडून जे पाच अवयव आहेत (६५५३७ पर्यंतचे फर्मावाले), त्यांचं भूमितीशी नातं आहे. पट्टी आणि कंपास एवढ्यावर सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे गाउसने १७९६ मध्ये दाखवलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. ब्राउनश्वाइगला त्याचा पुतळा आहे, चौथऱ्यावर सतरा टोकांची चांदणी कोरली आहे. मी मुद्दाम टोकं मोजून आले.

बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकारच असावी लागते, आणि अशा मूळ संख्या आजवर पाचच माहीत आहेत. पाचांचा गुणाकार ४२९४९६७२९५. म्हणजे पहिल्या ३२ घरांतले दाणे! पट्टी-कंपासने काढता येतो असं ठाऊक असलेला विषम बाजूंचा सगळ्यात मोठा बहुभुज तेवढ्या बाजूंचा. ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची कृती हेर्मेस नावाच्या गृहस्थांनी दहा वर्षं खपून लिहिली. ती पेटी ग्योटिंगेनला विद्यापीठात ठेवलेली आहे.

खवट_खोबरं
दहा वर्षं. आणि शेवटी दिसतं काय, तर वर्तुळ.

निफाडचा_बाळू
म्हणजे माझे सतरा-अठरा ट्रक भूमितीत पण कामाला आले म्हणायचे.

भटकी_वाटसरू
काशीच्या देवळातली गोष्ट राहिली की! हिऱ्याच्या तीन सुया, चौसष्ट सोन्याच्या चकत्या, पुजारी त्या एकेक करून हलवतात, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही. सगळ्या हलवून झाल्या की जगबुडी. त्यालाही एवढ्याच चाली लागतात ना?

काका_कोथरूड
चाली तेवढ्याच, २^६४ − १. पण ते देऊळ शोधायला काशीला जाऊ नका. एद्वार लुकास या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये हे कोडं खेळणं म्हणून विकायला काढलं, खोक्यावर स्वतःच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून 'एन. क्लाउस, सयाम' असं टोपणनाव टाकलं, आणि देवळाची कथा विक्रीच्या ओघात जोडली गेली. आपल्या पुराणांत ती नाही.

सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८ हजार ४५० कोटी वर्षं. विश्वाचं वय १३८० कोटी धरतात.

मी_मृण्मयी
मग पुराणाच्याच मापाने करू. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षं, रात्रही तेवढीच. म्हणजे हे काम ब्रह्मदेवाच्या कॅलेंडरने साधारण ६८ दिवसांचं. सव्वादोन महिने. आमच्या सोसायटीची लिफ्ट यापेक्षा जास्त दिवस बंद होती.

खवट_खोबरं
पण ब्रह्मदेव रोज रात्री झोपला की प्रलय होतो. रात्रपाळीला चकत्या कोण हलवणार?

टवाळखोर
कंत्राटी कामगार.

सुमेधा_के
काका, लुकासचं नाव काढलंत ते बरं झालं, कारण त्याचा या संख्येशी दुसराही संबंध आहे आणि तो जास्त महत्त्वाचा. ऑयलरचा '६४ ची पट अधिक १' हा साचा लुकासने १८७८ मध्ये आणखी घट्ट केला: '१२८ ची पट अधिक १'. आता यादी करा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ फक्त २५७ आणि ६४१. फर्माच्या कुठल्याही दोन संख्यांत सामाईक अवयव नसतो हे गोल्डबाखने ऑयलरला १७३० च्या पत्रातच कळवलं होतं. २५७ त्या साखळीत आधीच आहे, म्हणून तो बाद. पहिल्याच भागाकारात ६४१!

उरलेला ६७००४१७ मूळ आहे हेही याच साच्याने कळतं. त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास. तिथपर्यंत या साच्यातल्या मूळ संख्या राहतात ६४१, ७६९, ११५३, १४०९. चार भागाकार, चारही फसतात. संपलं. अख्ख्या वीस अंकी संख्येचे अवयव पाच भागाकारांत. हे सगळं पाठकोऱ्या कागदाच्या एका बाजूवर मावतं.

प्रोफेसर_शंख
६५५३७ मूळ आहे ते कोणी तपासलं? ते गृहीत धरलंत.

सुमेधा_के
रास्त शंका. २^१६ + १ चे अवयव याच नियमाने '६४ ची पट अधिक १' असतात. वर्गमूळ २५६ च्या किंचित वर. तिथपर्यंत एकच मूळ उमेदवार, १९३. ६५५३७ ला १९३ ने भागा, बाकी ११० येते. सहा भागाकार धरा मग.

प्रोफेसर_शंख
आता ठीक.

टवाळखोर
शंखसर समाधानी! स्क्रीनशॉट घेतला.

बिट्स_आणि_वडे
मग हिच्यापेक्षा दोनने मोठी संख्या? २^६४ + १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७. साखळीतली सातवी. ती पण हाताने?

सुमेधा_के
ती लँड्री नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८८० मध्ये फोडली, वय वर्षं ८२. २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. तिथे साचा '२५६ ची पट अधिक १', आणि २७४१७७ = २५६ × १०७१ + १. म्हणजे यादीत एक हजार एकाहत्तरावा. मधले बरेच आकडे मूळ नसल्याने गळतात, तरी भागाकार पुष्कळच उरतात.

निफाडचा_बाळू
८२ व्या वर्षी! कोथरूडचे काका, तुमचं वय किती?

काका_कोथरूड
अजून पाच वर्षं हातात आहेत. साखळीतली आठवी फोडता येते का बघू.

सुमेधा_के
काका, आठवी ३९ अंकी आहे. तिचे अवयव १९७० मध्ये संगणकावरच सापडले. लहान अवयवच १७ अंकी आहे.

काका_कोथरूड
मग राहू दे. बाळू, त्या भरीत-पुरीच्या हॉटेलचं काय झालं?